ओलीचा माग

मोठ्या नदीचा आधार नसलेल्या, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या माथ्यावर वसलेल्या बंगळूरला, १५३७ साली केंपेगौडाने कोट घातला तेव्हापासूनच, पावसाचे पाणी उतारावर बांध घालून अडविण्यावाचून गत्यंतर नव्हते. एका तळ्याचा सांडवा पुढच्या तळ्याच्या पोटात, असा हा बंदोबस्त होता. आणि १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने हा मुलूख जिंकल्यावर तो शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आला, तेव्हा कोटाबरोबर ही तळीही मराठी अंमलाखाली आली.

शहराच्या नैर्ऋत्येस केत्तोहळ्ळीला जो प्रचंड वड आहे, त्याचे वय लोक सांगतात तसे चारशे वर्षांचे धरले, तर त्या काळी तो कोवळे झाड असणार. आज त्याचा विस्तार तीन एकरांच्या घरात आहे, मधले मूळ खोड रोगाने केव्हाच गेले आहे, आणि जमिनीत रुतून खांबाएवढ्या झालेल्या पारंब्यांवरच सारा संसार उभा आहे.

असे झाड पाहिले की, झाडाला कोसावरचे पाणी कळते, हा आपल्याकडचा दृढ समज आठवतो. तो खरा नव्हे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस साक्स याने १८७२ मध्ये चाळणीत ओला भुसा भरून त्यात बी पेरले व चाळणी तिरकी टांगली. छिद्रांतून खाली उतरलेली मुळे सरळ खाली न जाता, गुरुत्वाकर्षण झुगारून, ओल्या चाळणीच्या तळाकडे परत वळली. मुळाच्या वाढत्या भागातील कोरड्या बाजूच्या पेशी ओल्या बाजूच्या पेशींहून अधिक लांबतात, म्हणून ते ओलीकडे वाकते. म्हणजे मुळाची धाव निकटच्या, बोटभर अंतरातल्या ओलीपुरतीच.

पुढे बंगळूरला १८९६ मध्ये हेसरघट्ट्याहून अर्कावती नदीचे पाणी नळाने आले, १९७४ मध्ये कावेरीचे. आणि तळ्यांची कदर संपली. धर्मांबुधी तळ्याच्या जागी बसस्थानक झाले, संपंगीच्या जागी कंठीरव क्रीडागार. रस्त्याकडेच्या झाडांना उरली ती पुरलेल्या नळांच्या सांध्यांतून पाझरणारी ओल, आणि केसाएवढी मुळे त्याच भेगांतून आत शिरून, पुढे जाड होऊन, नळ तुंबवू लागली. सांधा आधी पाझरतो, मूळ मागाहून येते, हे उघड आहे. तक्रारअर्जात मात्र आरोपी म्हणून नाव झाडाचेच लिहिले जाते.