संघांतर, खेळाडूंचे

एका संघाकडून नावलौकिक मिळविलेल्या खेळाडूने विजेतेपदाची अधिक शक्यता असलेल्या दुसऱ्या संघात जाणे. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमुळे या प्रकारास विशेष प्रसिद्धी मिळाली. विल्ट चेंबरलेन १९६८ मध्ये लॉस अँजेल्स लेकर्स संघात गेला व १९७२ मध्ये त्या संघाने अजिंक्यपद मिळविले. लेब्रॉन जेम्सने २०१० मध्ये क्लीव्हलँड सोडून मायॅमीच्या संघाकडून २०१२ व २०१३ ची अजिंक्यपदे जिंकली. केव्हिन ड्युरँट २०१६ मध्ये गोल्डन स्टेट या आधीच बलाढ्य असलेल्या संघात गेला, तेव्हा त्याच्यावर कठोर टीका झाली. भारतात मात्र हा प्रकार याहून जुना आहे. त्याचे मुख्य क्षेत्र क्रिकेट असून त्याला चालना देण्यात होळकर व गायकवाड या मराठी संस्थानिकांचा वाटा मोठा होता.

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. त्या काळी केवळ खेळावर चरितार्थ चालत नसे. ज्या संस्थानात नोकरी मिळे, त्या संस्थानाच्या संघाकडून खेळाडू खेळे. त्यामुळे विजेतेपदाची आकांक्षा व उदरनिर्वाहाची सोय या दोन प्रेरणा एकमेकींपासून वेगळ्या काढणे कठीण आहे. नागपूरचे सी. के. नायडू (१८९५–१९६७) हे १९२३ मध्ये तुकोजीराव होळकरांच्या निमंत्रणावरून इंदूरला गेले व तेथील सैन्यात अधिकारी झाले. पुढे यशवंतराव होळकर (१९०८–६१) यांच्या आश्रयाने होळकर संघ उभा राहिला. नायडूंच्या भोवती चंदू सरवटे, कमल भांडारकर, नागपूरचे हिरालाल गायकवाड, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, मुंबईचे खंडू रंगणेकर अशी बाहेरची मंडळी जमली. मुश्ताक अली तेवढे मूळचे इंदूरचे. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत हा संघ दहा वेळा अंतिम फेरीत पोहोचला व चार वेळा विजयी झाला. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध त्याने ८ बाद ९१२ धावा केल्या. त्या डावात सहा शतके झाली व त्यांपैकी चार बाहेरून आलेल्या फलंदाजांची होती. आदल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात तर महूच्या छावणीतील इंग्लिश फलंदाज डेनिस कॉम्प्टन होळकर संघाकडून खेळला. त्याने नाबाद २४९ धावा काढल्या, तरी सामना मुंबईनेच जिंकला.

बडोद्याची कथा अधिक उद्‌बोधक आहे. सांगलीचे विजय हजारे (१९१५–२००४) यांनी १९३९-४० मध्ये महाराष्ट्राकडून नाबाद ३१६ धावा काढल्या, त्या बडोद्याविरुद्धच. त्यानंतर लवकरच ते बडोद्याच्या संघात दाखल झाले आणि १९४२-४३ मध्ये बडोद्याने करंडक जिंकला. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात हजारे (२८८) व लाहोरचे गुल महंमद (३१९) यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. कोणत्याही गड्यासाठीचा हा जागतिक विक्रम २००६ पर्यंत अबाधित होता. बडोद्याला विजेतेपद मिळवून देणारी ही भागी दोन परगावच्या खेळाडूंची होती.

या संघांतराची झळ प्रामुख्याने महाराष्ट्र संघाला बसली. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली त्याने १९३९-४० व १९४०-४१ ही लागोपाठची दोन विजेतेपदे मिळविली होती. त्यानंतर २०२४-२५ पर्यंत त्याला ती पुन्हा मिळाली नाहीत. याचा सर्व दोष संघांतरावर टाकणे अन्यायाचे होईल. काही खेळाडू परतलेही. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास काठेवाडविरुद्ध निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा केल्या व भांडारकरांसह दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. त्या हंगामात उपांत्य सामन्यात मुंबईने महाराष्ट्राला हरविले. एवढा पराक्रम करूनही निंबाळकरांना कसोटी सामना कधीच खेळावयास मिळाला नाही.

संस्थानांच्या विलीनीकरणानंतर राजाश्रय आटला. होळकर संघ १९५४-५५ नंतर त्या नावाने उरला नाही. बडोदे संघ टिकला, परंतु त्याचे वर्चस्व ओसरले. १९५८-५९ पासून मुंबईने सलग पंधरा विजेतेपदे मिळविली, ती क्लब व शालेय स्पर्धांतून घडलेल्या खेळाडूंच्या बळावर. मात्र मुंबईही सर्वस्वी स्वयंपूर्ण नव्हे. सालवड–बोईसरसारख्या परिसरातील होतकरू मुलांना ती शालेय वयातच ओढून घेते. बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून खेळणारे पालघरचे शार्दूल ठाकूर यांना प्रशिक्षक दिनेश लाड यांनी बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत नेले व स्वतःच्या घरी ठेवून घेतले. पुढे ठाकूर मुंबई व भारत या संघांकडून खेळले. हे संघांतर कोणत्याही नोंदवहीत त्या नावाने येत नाही, एवढेच.

आजच्या पद्धतीत मूळ संघटनेचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन खेळाडू अन्य राज्याकडून व्यावसायिक म्हणून खेळतो. मुंबईकडून आठ वेळा रणजी करंडक जिंकलेले वसीम जाफर २०१५-१६ मध्ये विदर्भाकडे गेले. विदर्भाने २०१७-१८ मध्ये पहिले विजेतेपद मिळविले, तेही इंदूरच्या होळकर मैदानावर, आणि पुढील वर्षी ते राखले. त्या दुसऱ्या हंगामात जाफर यांच्या धावा १,०३७ होत्या. २०२४-२५ मध्ये कर्नाटकातून आलेल्या करुण नायर यांनी ८६३ धावा काढल्या व विदर्भ तिसऱ्यांदा विजेता ठरला. पण त्याच हंगामात विदर्भाच्याच हर्ष दुबे यांनी ६९ बळी घेऊन स्पर्धेचा नवा उच्चांक केला. नायर पुढील हंगामात कर्नाटकाकडे परतले.