एका शिपायाच्या मृत्यूचा शोध : दोन दप्तरांची साक्ष

आमच्या आजोबांचे थोरले बंधु पहिल्या महायुद्धांत ११७ व्या मराठा पलटणींत शिपाई होते. ते मेसोपोटेमियांत गेले ते परतले नाहींत. "तिकडेच दुसरा संसार थाटला" अशी वदंता गांवांत उठली, व त्यांच्या पत्नीस, म्हणजे आमच्या थोरल्या आजीस, ती जन्मभर ऐकावी लागली. ऐतिह्य हें स्वतंत्र प्रमाण मानावें कीं नाहीं याविषयीं शास्त्रकारांत मतभेद आहे. प्रस्तुत लेखकाचा त्यावरील विश्वास या शोधानें बराच उणावला.

प्रथम मुलकी दप्तर पाहिलें. गांव नमुना १४ हें जन्ममृत्यूंचें पुस्तक. परमुलखांत निवर्तलेल्या माणसाचा उल्लेख त्यांत मिळण्याचा संभव थोडा, व तो मिळालाहि नाहीं. फेरफाराच्या वहींत मात्र १९२३ ची वारसनोंद सांपडली. सात वर्षें ठावठिकाणा नाहीं, सबब मयत समजून धाकट्या भावाचें नांव लावलें, असा तिचा आशय आहे. ही मुदत १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतील १०८ व्या कलमाची. म्हणजे या नोंदीनें मृत्यु सिद्ध होत नाहीं, गांवास कांहीं ठाऊक नव्हतें एवढेंच सिद्ध होतें. वदंतेस जागा मिळाली ती येथेंच.

आतां लष्करी बाजू. ११७ वी पलटण सहाव्या (पुणें) डिव्हिजनींत होती. कुट येथें ही डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यांत सांपडली व २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण गेली. सुमारें तेरा हजार माणसें तुर्कांच्या हातीं लागलीं. त्यांत बहुसंख्य हिंदी. वाटचालींत व बगदाद रेल्वेच्या कामावर त्यांतील पुष्कळ मेले. बसऱ्याच्या स्मारकाच्या भिंतींवर हिंदी शिपायांचीं नांवें कोरलींच नाहींत, केवळ त्यांची संख्या दिली. म्हणून शोध घ्यावयाचा तो युद्धसमाधि आयोगाच्या यादींत. तींत क्रमांक, पलटण व मृत्युतिथि असते, आणि पुष्कळ ठिकाणीं पित्याचें व गांवाचें नांवहि.

आमच्या पूर्वजाच्या नांवाचे दोन शिपाई तेथें निघाले. लेखकानें प्रथम भलत्यासच आपला मानलें, हें कबूल केलें पाहिजे. दुसऱ्यापुढें जिल्हा रत्नागिरी लिहिला होता आणि आमचें गांव सिंधुदुर्गांत, म्हणून तो सोडून दिला. वास्तविक सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १९८१ सालीं. गांवाचें नांवहि इंग्रजी कारकुनानें कानास लागलें तसें लिहिलेलें. परंतु पित्याचें नांव जुळलें, आणि आजीच्या पेटींतील एका जुन्या पाकिटावरचा शिपायाचा क्रमांक जुळल्यावर संशय उरला नाहीं. मृत्यु १९१६ च्या हिंवाळ्याच्या तोंडीं. तो कैदेंत झाला हें अनुमानच समजावें, कारण पलटणीचीं कांहीं माणसें वेढ्याबाहेरहि होतीं. मृत्यु मात्र निश्चित.

पलटणीकडून तशी वर्दी घरीं आली असल्यास ती कागदांत नाहीं. ती आली नाहीं, कीं आली व ठेवली गेली नाहीं, हा प्रश्न टाळतां येत नाहीं. कारण १९२३ च्या फेरफारानें जमीन ज्यांच्या नांवें झाली ते प्रस्तुत लेखकाचे आजोबा होत. थोरल्या आजीचें नांव त्या नोंदींत कोठेंहि नाहीं. मंगळसूत्र तिनें अखेरपर्यंत उतरविलें नव्हतें.