चुन्याची घाणी आणि कापसाचा हंगाम

वऱ्हाडातील ज्या गावांचे भाग्य कापसाने उजळले त्यांत खामगावचे स्थान अग्रभागी आहे, आणि तेथील जुन्या पेठेतल्या सागवानी खांबांच्या घरांची मरामतदेखील, माझ्या मते, कापसाच्याच पंचांगाने चालत आलेली आहे. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची टंचाई भासू लागली तेव्हा या पेठेकडे पैशाचा ओघ वळला. 1867 मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली आणि 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी जलंब ते खामगाव हा जेमतेम आठ मैलांचा लोहमार्ग खुला केला. या भरभराटीचा बराचसा अंश घरांच्या भिंतींत आणि माड्यांत उतरला.

परंतु पैसा आला म्हणजे घर दुरुस्त झाले, असे होत नसे. दिवाळीपासून माघापर्यंत गाडी, बैल आणि मजूर ही तिन्ही कापसाच्या कामात गुंतलेली. रोकड हाती येऊन मन मोकळे होई ते फाल्गुनाच्या सुमारास. आणि मृग लागण्यापूर्वी छप्पर झाकलेच पाहिजे ही निसर्गाने घालून दिलेली मुदत. उरत ते शिमग्यापासून पुढचे तीनेक महिने, आणि त्यांतही विहिरींनी तळ गाठलेला असताना चुन्याला व नव्या भिंतीला मात्र पाणी उदंड हवे. या कोंडीतूनच पूर्वतयारीची शिस्त जन्मास आली.

तयारीचा आरंभ भिंतीच्या परीक्षेने होई, व तो तसाच व्हावयास हवा. कपाशीची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर तिच्याबरोबर भिंतही हलते. उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटू पाहणारी भेग पायाचा दोष सांगते, बारमाही सारखी राहणारी भेग बहुधा वरच्या तुळयांचे ओझे दाखविते. एकाच ऋतूत पाहून निदान करणे अविचाराचे होय.

मग चुना. भट्टीत भाजलेली चुनकळी हौदातल्या पाण्यात विरवायची, गाळायची, आणि झाकून भिजत ठेवायची. जितके दिवस ती भिजे तितकी ती लोण्यासारखी मऊ होत जाई. त्यानंतर घाणीचे काम: जमिनीत कोरलेला वर्तुळाकार दगडी चर, त्यात फिरणारे जड चाक, ते ओढणारा बैल, आणि चुन्यात मिसळत जाणारी वाळू किंवा विटांची सुरखी. गिलावा अधिक चिवट व्हावा म्हणून गुळाचे पाणी किंवा बेलफळाचा गर घालण्याचाही प्रघात होता. या कामात घाई करता येत नसे, कारण नीट न विरलेली कळी गिलाव्यात राहिली तर ती मागाहून फुगून पापुद्रे उडविते. म्हणून चैत्रात गवंडी यावयाचा असेल तर चुन्याची तजवीज त्याच्या कितीतरी आधी करावी लागे, आणि घराच्या दुरुस्तीचा खरा मुहूर्त त्या हौदापाशीच होई, असे मला वाटते.

लाकडाचेही तसेच, ओले सागवान बसविले की पुढे ते वाकते, म्हणून ते आधी आणून सावलीत वाळविणे अपरिहार्य होते. धाब्यावर दरसाल पावसाआधी पांढऱ्या मातीचा थर चढे, आणि वर्षानुवर्षांच्या थरांनी तुळया वाकत. नवे धाबे घालण्याआधी ती सारी माती खाली उतरविणे हेच मोठे काम असे. कवेलूंचे घर त्या मानाने हलके, पण फेरणी त्यालाही चुकत नसे.

मिस्त्रीशी रोजंदारीने की उक्त्याने, इसार किती, सामाईक भिंतीला शेजाऱ्याची रजामंदी आहे की नाही, या गोष्टी काम उघडण्यापूर्वी ठरवाव्या लागत. 1922 च्या नगरपालिका कायद्यानंतर नगरपालिकेला आगाऊ सूचना देण्याची जबाबदारीही त्यांत आली.

सिमेंट आले तसा चुन्याचा हौद ओस पडला. प्रतीक्षा मात्र संपली नाही. दुसऱ्या महायुद्धापासून सिमेंटवर नियंत्रण आले आणि घरमालक परमिटासाठी कचेरीचे उंबरठे झिजवू लागला. ते नियंत्रण 1982 मध्ये अंशतः व 1989 मध्ये पूर्णपणे उठले, आणि सिमेंटचे पोते दुकानातून सकाळी आणून दुपारी वापरता येऊ लागले. याच सुलभतेने जुन्या घरांचे मोठे नुकसान केले आहे. माती आणि चुन्याच्या भिंतीतील ओल श्वासाप्रमाणे बाहेर पडत असते. तिच्यावर सिमेंटचा कठीण गिलावा चढविला की ओल आत कोंडते, माती भुसभुशीत होते आणि काही पावसाळ्यांनंतर तो गिलावा भिंतीचे कातडे घेऊनच खाली येतो. खामगावच्या पेठेतले जुने घर ज्यांना राखावयाचे आहे त्यांनी चुनाच वापरावा, आणि चैत्रात काम काढावयाचे असेल तर चुनकळी हिवाळ्यातच भिजत घालावी.