गोंगाटातली सम

परवा नातवाच्या खोलीतून धाडधाड आवाज येत होता. "अरे, बंद कर तो गोंगाट," असं सांगायला गेले आणि तासभर तिथेच बसले!

बँडचं नाव टेसरॅक्ट, म्हणजे चौथ्या मितीतला घन. गाव इंग्लंडमधलं मिल्टन कीन्स. १९६७ साली सरकारने आखणी करून वसवायला घेतलेलं, पटावरच्या चौकोनांसारखे रस्ते असलेलं. तिथे २००३ मध्ये एकल काहनी या गिटारवादकाने हा बँड सुरू केला. हेवी मेटल वाढलं ते बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या आसपास. ही पुढची पिढी मात्र घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रण करून इंटरनेटवर एकमेकांना ऐकवत मोठी झाली.

आता त्यातली गंमत सांगते. खर्जात लावलेली गिटार आणि ड्रमचा जड ठोका मिळून विषम मात्रांचा एक तुकडा पुन्हापुन्हा वाजवतात. वर झांज मात्र शांतपणे चार-चार मोजत राहते. दोघांची फारकत होत जाते, आता सगळं कोसळणार असं वाटतं... आणि अचानक दोघं एकाच ठोक्यावर येऊन भेटतात. आपली सम हो!

हे गणित स्वीडनच्या मेशुगा या बँडने आधीच मांडलं होतं. टेसरॅक्टने त्यावर सुरेल गळा चढवला. २०११ च्या 'वन' या पहिल्या अल्बममध्ये एकच रचना सहा भागांत उलगडते. त्याच वर्षी गायक डॅनियल टॉम्पकिन्स सोडून गेला. २०१३ च्या 'ऑल्टर्ड स्टेट'मध्ये तर ओरडून गाणं अजिबात नाही, उलट सॅक्सोफोन आहे! २०१४ साली टॉम्पकिन्स परतला. गळे बदलले, पण खालचं मोजणं सुटलं नाही. मला वाटतं, हाच त्यांचा वारसा.

नातू बोटांवर मात्रा मोजून दाखवत होता. चौथ्या खेपेला माझी टाळी बरोबर पडली. "आजी, जमलं!" तो ओरडला.

आणि मला एक मुलगा आठवला. सातवीच्या वर्गात बाकावर सतत बोटं वाजवायचा. मी त्याला कितीदा वर्गाबाहेर उभं केलं! तो काय मोजतोय, हे एकदाही विचारलं नाही.

असो. तुमच्या घरातही असा गोंगाट असेल, तर दार बंद करण्याआधी समेपर्यंत थांबून पाहा.