लँग्डन ज्या चर्चमध्ये शिरलाच नाही

डॅन ब्राऊनच्या 'एंजल्स अँड डीमन्स'बद्दल वाचक बोलायला लागले की दोन मतं हमखास ऐकू येतात. पहिलं मत असं: चर्चने विज्ञानाचा गळा कसा घोटला ते या कादंबरीने उघड केलं. दुसरं जरा समजूतदार असतं: विज्ञान आणि धर्म शेवटी एकाच ठिकाणी पोचतात, हे लेखकाने किती छान दाखवलं. दोघे एकमेकांना खोडून काढतात, पण ही कादंबरी विज्ञान आणि धर्म यांच्या झगड्याची आहे हे दोघांनीही धरूनच चाललेलं असतं. मला तेच मान्य नाही. (पुस्तक 2000 सालचं आणि चित्रपट 2009 चा, तेव्हा पुढे रहस्य फुटलं तर कुणी रागवू नये.)

पहिल्या मताची सगळी भिस्त इतिहासावर आहे, म्हणून सुरुवात तिथूनच. 'अहो, कादंबरीच आहे ती, कशाला एवढं मनावर घेता?' असं कुणी म्हटलं तर एरवी मी गप्प बसलो असतो. पण कथा सुरू होण्याआधीच लेखक 'वस्तुस्थिती' म्हणून एक पान देतो आणि त्यात इल्युमिनाटी हा पंथ खरा होता असं सांगतो. पंथ खरा होता, यात वाद नाही. आडाम वाइसहाउप्ट या प्राध्यापकाने तो 1 मे 1776 रोजी बव्हेरियातल्या इंगोलश्टाट इथे काढला, आणि दहाएक वर्षांत तिथल्या सरकारने तो मोडून काढला. गंमत म्हणजे वाइसहाउप्ट शिकवत होता चर्चचा कायदा. गॅलिलिओ 1642 मध्ये वारला आणि शिल्पकार बर्निनी 1680 मध्ये. म्हणजे कादंबरीने ज्यांना या पंथाचे गुप्त सभासद केलं, त्यांच्या मरणानंतर जवळपास शतकाने किंवा त्याहूनही उशिरा तो पंथ जन्माला आला.

कोपर्निकसचा तर चर्चने खून केला असं कादंबरीतला सर्न या प्रयोगशाळेचा संचालक ठासून सांगतो. खरा कोपर्निकस स्वतःच चर्चच्या सेवेत होता. पोलंडमधल्या फ्रॉमबोर्कच्या कॅथीड्रलमध्ये काम करून तो सत्तरीत आजारपणाने वारला. त्याचं पुस्तक 1543 मध्ये निघालं आणि ते त्याने पोप तिसऱ्या पॉलला अर्पण केलं होतं. चर्चने त्या पुस्तकावर बंधन घातलं ते 1616 मध्ये, तब्बल 73 वर्षांनी. बर्निनीला धर्मद्रोही ठरवणं हा तर अन्यायच म्हणायला हवा. हा माणूस नेमाने प्रार्थनेला जाणारा, आणि त्याचा मोठा आश्रयदाता होता पोप आठवा उर्बन. गॅलिलिओवर खटला चालवणारा पोप तो हाच. बर्निनीचं संत तेरेसाचं शिल्प उर्बनला रुचलं नाही म्हणून ते आडबाजूच्या चर्चमध्ये हलवलं गेलं, असं कादंबरी सांगते. प्रत्यक्षात ते कार्डिनल कोर्नारोने त्या चर्चमधल्या आपल्या घराण्याच्या चॅपेलसाठीच करून घेतलं, आणि काम सुरू झालं तेव्हा उर्बन हयातही नव्हता.

याचा अर्थ चर्च निर्दोष होतं असा कुणी काढू नये. 1600 च्या फेब्रुवारीत तत्त्वज्ञ ब्रूनोला रोमच्या भर चौकात जिवंत जाळलं. 1633 मध्ये गॅलिलिओला गुडघे टेकून आपलं मत मागे घ्यावं लागलं, आणि उरलेलं आयुष्य त्याने नजरकैदेत काढलं. त्या खटल्यात चूक झाली, हे पोप दुसऱ्या जॉन पॉलने जाहीरपणे मान्य केलं ते 1992 मध्ये. हे डाग पुसता येत नाहीत. माझं म्हणणं एवढंच की या डागांवरून सगळा इतिहास म्हणजे एक अखंड युद्ध होतं असं जे चित्र निघतं, ते सतराव्या शतकाचं नव्हे. ते ड्रेपर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1874 मध्ये धर्म आणि विज्ञान यांच्या संघर्षाचा इतिहास लिहून लोकप्रिय केलं. आपल्यातल्या अनेकांना शाळेपासून माहीत असलेलं चित्र ते हेच.

या चित्रात न बसणारी गोष्ट कादंबरीच्या वाटेवरच आहे. कादंबरीत चार तत्त्वांच्या नावाने चार खून होतात. त्यातला 'अग्नी'चा खून सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया या चर्चमध्ये होतो, आणि नायक रॉबर्ट लँग्डन जिवाच्या आकांताने तिथे पोचतो. तिथून पायी काही मिनिटांवर सांता मारिया देल्यी आंजेली, म्हणजे 'देवदूतांची मेरी', हे चर्च आहे. नावातच एंजल असूनही लँग्डन तिकडे फिरकत नाही. आत जमिनीवर सुमारे 45 मीटर लांबीची धातूची रेषा आहे. भिंतीत उंचावर एक छोटं छिद्र ठेवलेलं आहे. दुपारी सूर्य माथ्यावर आला की त्यातून आलेला उजेडाचा ठिपका ती रेषा ओलांडतो. पोप अकराव्या क्लेमेंटने फ्रांचेस्को बियांकिनीकडून 1702 मध्ये ही याम्योत्तर रेषा आखून घेतली. तिचं काम ग्रेगरियन पंचांग तपासण्याचं. ईस्टरची तारीख ठरवायची तर वसंतसंपात नेमका कधी ते कळायला हवं. शं. बा. दीक्षितांचं भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासावरचं पुस्तक ज्याने उघडलंय, किंवा ज्याच्या घरात कधी दोन पंचांगांतल्या तिथीवरून वाद झालाय, त्याला यात नवल वाटणार नाही.

त्याहून मोठी गोष्ट बोलोन्याची. हे शहर पोपच्याच अमलाखाली होतं. तिथल्या सान पेत्रोनियो चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ कासिनीने 1655 मध्ये अशीच पण याहून लांब रेषा आखली. वर्षभर जमिनीवर पडणारं सूर्याचं बिंब मोजून ते किती लहानमोठं होतं हे त्याने पाहिलं, आणि ती मापं सूर्य मध्यभागी मानणाऱ्या केप्लरच्या गणिताच्या बाजूने निघाली. गॅलिलिओच्या शिक्षेला तेव्हा जेमतेम 22 वर्षं झाली होती. विज्ञानाच्या गुप्त वेद्या शोधत फिरणाऱ्या नायकाला चर्चच्या फरशीवर उघड्यावर पडलेली वेदी दिसू नये, याला काय म्हणावं?

आता दुसरं मत, ज्यात मला खरा रस आहे. कादंबरीतला लिओनार्दो वेत्रा हा पाद्री असलेला भौतिकशास्त्रज्ञ. ऊर्जेतून द्रव्य निर्माण करून बायबलमधली सृष्टीची उत्पत्ती शक्य आहे हे आपण दाखवलं, असं त्याला वाटतं. (ऊर्जेतून कण आणि प्रतिकण जोडीने निघणं ही कणत्वरकात रोजची गोष्ट आहे. ती शून्यातली निर्मिती नव्हे. आणि सर्नने आजवर बनवलेलं सगळं प्रतिद्रव्य एकदम वापरलं तरी एखादा दिवा काही मिनिटं जळेल, एवढीच त्यातली ऊर्जा. व्हॅटिकन उडवायची बातच सोडा.) वेत्राची बातमी ऐकून पोप हरखतात. आणि त्यातूनच पोपचा कारभारी, कॅमेरलेंगो व्हेन्त्रेस्का, खुनांवर उतरतो. विज्ञानाने देव नाकारला म्हणून नव्हे, विज्ञानाने देव 'सिद्ध' केला म्हणून! श्रद्धेला प्रयोगशाळेचा दाखला कशाला हवा, हा त्याचा राग.

मग हाच माणूस करतो काय? चोरलेल्या प्रतिद्रव्याचा आकाशात स्फोट घडवतो, हवाई छत्रीने खाली उतरतो आणि सेंट पीटरच्या छतावर अवतरतो. चमत्काराशिवाय नमस्कार नाही, हे त्याने पुरतं ओळखलेलं असतं. दाखला नको म्हणणाराच जगापुढे खोटा दाखला उभा करतो. वाचक त्याचं टीव्हीवरचं भाषण पुस्तकाचा गाभा म्हणून एकमेकांना ऐकवतात. शकुनीने सचोटीवर व्याख्यान द्यावं आणि आपण ते वहीत उतरवून घ्यावं, तसला हा प्रकार. वेत्रा आणि व्हेन्त्रेस्का एकमेकांविरुद्ध उभे नाहीतच. दोघांनाही देवाचा पुरावा हवा आहे, एकाला प्रयोगशाळेतून आणि दुसऱ्याला कारस्थानातून. ब्राऊनने रचलेली ही एकच गोष्ट मला खरोखर दमदार वाटते, आणि नेमकी तीच चर्चेत येत नाही.

या दोघांपेक्षा वेगळा माणूस कादंबरीत नावापुरता येऊन जातो: जॉर्ज लमेत्र. बेल्जियमचा हा पाद्री. 1927 मध्ये त्याने प्रसरण पावणाऱ्या विश्वाचं गणित मांडलं आणि 1931 मध्ये आदि-अणूची कल्पना, म्हणजे महास्फोट सिद्धांताचं बीज. आपल्याकडे हे नाव कमी ऐकू येतं, कारण मराठी वाचकाने विश्वाच्या आरंभाचा वाद जयंत नारळीकरांच्या बाजूने ऐकला. खगोलशास्त्रज्ञ हॉईल आणि नारळीकर हे महास्फोटाचे विरोधक. विश्वाला आरंभ आहे या कल्पनेतच हॉईलला धर्माचा वास यायचा. पण या वादाला मोठं वळण मिळालं ते 1965 मध्ये, अमेरिकेतल्या एका अँटेनाने पकडलेल्या, महास्फोटाच्या बाजूने साक्ष देणाऱ्या सूक्ष्मलहरींमुळे. त्यानंतरही नारळीकर स्थिर विश्वाची सुधारित मांडणी करत राहिले, आणि तीसुद्धा निरीक्षणांचा हवाला देऊनच.

1951 च्या नोव्हेंबरात पोप बाराव्या पायसने आपल्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केलं. नव्या विश्वशास्त्रात त्याला निर्मात्याची साक्ष दिसली. वेत्राला हवा होता तसाच हा क्षण. लमेत्र त्या अकादमीचा सभासद होता, पाद्री होता, आणि कल्पना तर त्याचीच होती. त्याला हे मुळीच आवडलं नाही. आपला सिद्धांत देवाच्या बाजूने नाही आणि विरुद्धही नाही, असं तो म्हणत असे. पोपच्या विज्ञान सल्लागाराशी तो जाऊन बोलला. पुढच्या सप्टेंबरात जगभरचे खगोलशास्त्रज्ञ रोमला जमले, पोप पुन्हा त्यांच्यापुढे बोलले, आणि या वेळी तो दावा भाषणात नव्हता.