लोणारचा पाहुणा आणि काचेचे मणी

बुलढाणा जिल्ह्यात वाढलेल्या पोराला लोणारची गोष्ट दोनदा ऐकायला मिळते. घरी लवणासुराची: विष्णूने त्याला मारलं आणि तिथे खारं पाणी साठलं. लोणार गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर त्या कथेची खूण. शाळेत उल्केची. या दुसऱ्या गोष्टीला पुरावा दगडातच शोधावा लागतो, आणि तो मिळायला फार वेळ गेला. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर, भूशास्त्रज्ञ नव्हे. तरी या तपासाचा इतिहास मला आपला वाटतो, कारण त्यातली खरी अडचण ‘सरासरी’ची आहे.

१८२३ साली अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली. सभोवार दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचाच दगड. त्यात जवळजवळ गोल, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा दिसला की ज्वालामुखीच आठवणार. १८९६ मध्ये अमेरिकन भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी अ‍ॅरिझोनातल्या विवराचं लोणारशी साम्य नोंदवलं. पण अ‍ॅरिझोनाचं विवरही त्यांनी वाफेच्या स्फोटाच्या खाती टाकलं.

निकाल लागला तो १९७३ साली. फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी ‘सायन्स’मध्ये लोणारच्या तळातल्या बोअरमधून निघालेल्या दगडांचा अभ्यास छापला. त्यात मास्केलिनाइट होतं. फेल्डस्पार या खनिजाला प्रचंड धक्का बसला की त्याची स्फटिकरचना मोडून ही काच बनते. तेवढा दाब ज्वालामुखीत तयार होत नाही. तेव्हा, वरून काहीतरी आदळलं होतं हे ठरलं. काय आदळलं, हे ठरलं नव्हतं.

असा पाहुणा स्वतः उरत नाही. आदळताना त्याची बहुतेक वाफ होते आणि अंशमात्र वितळलेल्या दगडात मिसळतो. २००५ मध्ये ओसाए, मिश्रा, कोबर्ल आणि सहकाऱ्यांनी लोणारचे वितळलेले खडक तपासले. खडकाची भुकटी करून तिचं रासायनिक पृथक्करण करायचं, ही रूढ पद्धत. उल्केचा ठसा त्यातून वेगळा काढता आला नाही.

इथे मला सर्व्हरचे लॉग आठवतात. हजारात दहा विनंत्या अडकल्या तरी प्रतिसादाचा सरासरी वेळ ठीकठाक दिसतो. अडलेल्या दहा बघायच्या तर सरासरी बाजूला ठेवून एकेक नोंद उघडावी लागते. खडक कुटला की त्याचीही सरासरीच होते.

२००९ मध्ये मिश्रा आणि सहकाऱ्यांनी विवराच्या काठावरच्या मातीतले ०.३ ते १ मिलिमीटरचे मणी घेतले. कुणी गोल, कुणी थेंबासारखे, कुणी डंबेलसारखे. उडालेल्या रसाचे हे हवेतच थिजलेले थेंब. इलेक्ट्रॉनच्या बारीक झोताने तपासल्यावर त्यांत निकेल लोणारच्या बेसाल्टच्या सरासरीच्या १४ पटींपर्यंत सापडलं. क्रोमियम आणि कोबाल्टही जास्त. निष्कर्ष असा: पाहुणा कॉन्ड्राइट जातीचा दगड होता आणि या मण्यांत वजनाने १२ ते २० टक्के तोच आहे.

इलेक्ट्रॉन झोताची नजर एका मर्यादेपर्यंतच पोचते. दशलक्षात एखादाच कण असेल तर दुसरं हत्यार लागतं. ते १९८५ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ग्रे यांनी दाखवलं. लेसरचे झटके दगडावर मारायचे. केसाच्या जाडीएवढा खड्डा पडतो. उडालेली धूळ वायूच्या प्रवाहातून हजारो अंश तापमानाच्या आर्गॉन प्लाझ्मात जाते, तिथे तिचे आयन होतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर ते वजनानुसार मोजतो. दगड आम्लात विरघळवावा लागत नाही. पडद्यावर आधी सपाट रेघ, लेसर सुरू होताच उंचवटा. ज्ञात घटकांच्या काचेवर तसाच मारा करून त्या उंचवट्याचं प्रमाण ठरवतात. एका खड्ड्यातून कितीतरी मूलद्रव्यं कळतात आणि मणी बहुतांशी शाबूत राहतो.

हे शाबूत राहणं महत्त्वाचं आहे, कारण प्रश्न संपलेले नाहीत. विवराचं वयच घ्या: १९९७ साली तापदीप्ती पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं आलं, तर २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने ५ लाख ७० हजार, म्हणजे दहापटींहून जास्त. पुढची मोजणी होईल ती पुन्हा याच खडकांवर आणि मण्यांवर.

आणि ते पुरवठा संपत नाही असे नाहीत. उडालेल्या मातीचा थर विवराच्या काठाभोवती पसरलाय. लोणार गाव काठालाच लागून आहे, पलीकडे शेतं आहेत. २०२० मध्ये सरोवर रामसर यादीत आलं, त्याच वर्षी पाणी गुलाबी झाल्याने देशभर चर्चाही झाली. पण ती पाण्याची. घराचा पाया किंवा विहीर खणताना जी माती वर येते तिच्याकडे कुणी बघत नाही. यंत्रं सुधारत जातील, खड्डे आणखी बारीक होतील. मात्र मणी कुठल्या थरातून, किती खोलीवरून उचलला याची नोंद नसेल, तर कितीही चांगल्या लेसरला त्यातून त्या दिवसाची गोष्ट काढता येणार नाही. अशी नोंद ठेवायला प्रयोगशाळा लागत नाही. पाया खणणाऱ्याला आपल्या फावड्याखाली काय आहे हे कुणीतरी सांगायला हवं, एवढंच.