औषध नव्हते तेव्हाची शुश्रूषा

कुष्ठरोगावर खात्रीचा इलाज 1940 नंतर हाती आला. अमेरिकेत कार्व्हिल येथे 1941 मध्ये सल्फोन औषधाचा गुण दिसला आणि पुढच्या काही वर्षांत रॉबर्ट कॉक्रेन यांनी मद्रास इलाख्यात चिंगलपेटला डॅप्सोनचे उपचार सुरू केले. मात्र हिंदुस्थानातल्या कुष्ठरोग्यांसाठी काम करणारी ‘मिशन टू लेपर्स’ ही ख्रिस्ती संस्था त्याच्या कितीतरी आधीची, 1874 ची आहे. म्हणजे जवळपास सत्तर वर्षे ही वैद्यकीय म्हणवली जाणारी संस्था रोग बरा करू शकत नव्हती. मग एवढा काळ तिच्या आश्रमांतून नेमके चालले होते काय? धर्मांतराचा उद्योग, असे एक उत्तर ठरलेले आहे. निरपेक्ष सेवा, असे दुसरे. मला दोन्ही अपुरी वाटतात. त्या काळात पाळकीय काळजी, म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या पाळकाने माणसाच्या दुःखात, मरणात आणि एकाकीपणात त्याच्या सोबत राहणे, हाच त्या आश्रमांतला मुख्य उपचार होता. म्हणून त्याचे गुणदोष उपचार म्हणूनच तपासले पाहिजेत.

संस्थापक वेलस्ली बेली डॉक्टर नव्हते. हा आयरिश गृहस्थ 1869 मध्ये अंबाल्याच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाला आणि तिथे त्याने कुष्ठरोग्यांच्या झोपड्यांची एक रांग पाहिली. रजेवर मायदेशी गेल्यावर 1874 मध्ये डब्लिनजवळ त्याने या लोकांविषयी सांगितले, तेव्हा पिम आडनावाच्या बहिणींनी वर्षाला तीस पौंड गोळा करून पाठवण्याचे कबूल केले. संस्था उभी राहिली ती एवढ्यावर. तिची रचनाही वेगळी होती. नवी मिशन काढण्यापेक्षा, आधीच काम करणाऱ्या निरनिराळ्या पंथांच्या मिशनांना इमारती, अन्न आणि वस्त्र यांसाठी पैसा पुरवण्यावर तिचा भर होता. आपल्याकडे विदर्भातले कोठारा आणि कोकणातले पोलादपूर ही ठिकाणे याच जाळ्यात आली. संस्थेने लिहून ठेवलेला हेतू मात्र बारकाईने वाचण्यासारखा आहे. कुष्ठरोगी व त्यांची मुले यांना आध्यात्मिक शिक्षण आणि ऐहिक मदत देणे, असा तो आहे. त्यात रोगमुक्तीचा शब्दही नाही. जे देता येणार नाही त्याचे आश्वासन या लोकांनी दिले नाही, आणि धर्म पहिल्या क्रमांकावर ठेवला हे लपवलेही नाही.

औषध म्हणून जे होते ते चालमोगऱ्याचे तेल. कोकणात कडू कवठ नावाचे झाड आहे, त्याच्याच कुळातल्या झाडांच्या बियांपासून ते काढत. पोटात घेतले की मळमळे, उलट्या होत. म्हणून पुढे ते सुईने टोचू लागले. दाट तेल कातडीखाली सोडायचे, तेही महिनोन्‌महिने, आणि गुण येईलच याची शाश्वती नाही. उरले जखमांचे काम. या रोगात मज्जातंतू मरतात आणि वेदना नाहीशी होते. पायात काटा मोडला तरी माणूस चालतच राहतो; चुलीवरचे तापलेले भांडे हाताने उतरवतो आणि भाजल्याचे त्याला कळत नाही. पुढे वेल्लोरच्या ख्रिस्ती इस्पितळात डॉ. पॉल ब्रँड यांना काही रुग्णांची बोटे रात्रीतून कमी झालेली आढळली. शोध घेतला तेव्हा समजले की झोपेत उंदीर ती कुरतडत होते आणि माणसाला जागच येत नव्हती. तेव्हापासून घरी जाणाऱ्या रुग्णासोबत मांजर देण्याची पद्धत त्यांनी पाडली. अशा शरीराला रोज कुणीतरी पाहावे लागते: तळवा उलटा करून बघावा लागतो, घाण धुवावी लागते, चिंधी बदलावी लागते. ज्याला आप्त शिवत नव्हते त्याला परक्या माणसाने रोज शिवणे, हा त्या काळातला मोठा उपचार होता आणि तो करणाऱ्याला कशाचा तरी आधार लागत होता. मेरी रीड या अमेरिकन मेथडिस्ट बाई स्वतःला रोग झाल्यावर 1891 मध्ये पिथौरागडजवळच्या चंडाक टेकडीवरील आश्रमात गेल्या आणि 1943 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिल्या. श्रद्धेवाचून हे कुणाला जमलेच नसते असे मी म्हणणार नाही. पण त्यांना ते श्रद्धेमुळे जमले, हे उघड आहे.

आश्रमाबाहेर काय होते, हेही लक्षात घ्यायला हवे. हिंदू कायद्यानुसार उग्र कुष्ठरोग झालेल्या माणसाचा वारसाहक्क जात असे; ती अपात्रता दूर व्हायला 1928 साल उजाडले. मुंबईत 1890 मध्ये माटुंग्याला बेघर महारोग्यांसाठी आश्रम निघाला. आयुक्त ॲकवर्थ यांचे नाव त्याला पुढे मिळाले आणि तिथेही बऱ्याच जणांची सोय झाली, पण मूळ तगादा शहरातले रस्ते मोकळे करण्याचा होता. पाठोपाठ 1898 चा कायदा आला. भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात टाकण्याची आणि सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्यास किंवा खाद्यपदार्थ विकण्यास त्याला मनाई करण्याची मुभा त्याने सरकारला दिली. सरकार आणि शहर यांना हा माणूस नजरेआड हवा होता. मिशनच्या आश्रमात तो मंडळीचा सभासद होऊ शकत होता, उपासनेला बसू शकत होता, आणि मेल्यावर त्याच्या नावाने प्रार्थना करून त्याला पुरले जात होते. ज्याला घर, जमीन, पंगत असे सगळेच नाकारले गेले त्याच्या लेखी या गोष्टी लहान नव्हत्या.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. अन्न, निवारा आणि मलमपट्टी ज्याच्या हाती, त्याच्याच हाती बायबल असेल तर आश्रित माणसाच्या होकाराला काय अर्थ? मध्य प्रदेशात नेमलेल्या नियोगी समितीने 1956 च्या अहवालात मिशनच्या वैद्यकीय सेवेवर हेच बोट ठेवले. त्याच्या खूप आधी, 1932 मध्ये, हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखाली अमेरिकन प्रॉटेस्टंटांनीच केलेल्या पाहणीने सांगितले होते की इस्पितळातली सेवा उपदेशाला जुंपू नये, ती स्वतःच पुरेशी आहे. त्यावर चर्चमध्ये वादळ उठले, यावरून दुखरी नस सापडली होती हे कळते. माझ्या मते आश्रमातला बाप्तिस्मा पूर्ण मोकळ्या मनाचा होता असे कुणी छातीठोकपणे सांगू नये. पण तेवढ्यावरून ती सेवा आमिष होती असेही ठरत नाही. आमिष लावणारा मासा गळाला लागला की उठून जातो. इथे बाप्तिस्म्यानंतरही त्याच माणसाची तीच जखम वीस-वीस वर्षे धुतली जात होती.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. आश्रमांनी स्त्री-पुरुषांना वेगळे ठेवण्याचा नियम कडकपणे पाळला, नवराबायको दोघेही रुग्ण असले तरी. निरोगी मुले आईपासून काढून वेगळ्या वसतिगृहात वाढवली. मुलांबाबत त्यांचे वैद्यकीय कारण फोल ठरले नाही. वेगळी वाढवलेली मुले बहुतांशी निरोगी राहिली, आणि रोग रक्तातून उतरतो या समजाला त्यातून मोठा धक्का बसला. तरीही ज्या कामाचे नावच सांत्वन, त्याने आईचे मूल काढून घ्यावे ही गोष्ट मलमपट्टीच्या पुण्याईने भरून निघत नाही. नवराबायकोंना तोडण्यामागे तर वैद्यकापेक्षा शुचितेची कल्पना बलवत्तर होती. पाळकाने मेंढरांची काळजी घ्यायची, तर मेंढरांनी निमूट कळपात राहायचे, हे त्या काळजीत गृहीतच होते. आश्रमात राहण्याचे नियम ठरवताना आश्रितांना कुणी विचारले नाही.

हे सगळे करायला ख्रिस्ती धर्मच लागत होता का, असाही प्रश्न विचारला जातो. लागत नव्हता, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींच्या जखमा स्वतः धुवत. दत्तपूरनंतर दहा वर्षांनी अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन उभे राहिले, आणि मग वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन. पण ‘रचनात्मक कार्यक्रमा’त गांधीजींनी स्वच्छ लिहिले आहे की या रुग्णांची देखभाल बहुतेक मिशनऱ्यांनीच केली आणि श्रेय त्यांचेच आहे, हिंदी माणसाने निव्वळ प्रेमापोटी चालवलेली एकच संस्था त्यांना दाखवता आली, ती दिवाणांची. मिशनच्या धर्मांतराला ज्यांचा उघड विरोध होता त्यांची ही साक्ष आहे, म्हणून तिला वजन आहे.

औषध आल्यावर या काळजीची गरज संपायला हवी होती. तसे झाले नाही. ब्रँड यांनी वेल्लोरला 1948 च्या सुमारास स्नायुबंध फिरवून आखडलेली बोटे सरळ करायला सुरुवात केली. बरे होऊन गेलेले काही रुग्ण हिरमुसून परत आले: सुधारलेल्या हातांना भीक मिळेना आणि व्रण पाहून काम कुणी देईना. तेव्हा ‘नव जीव निलयम’ ही मातीच्या भिंतींची छोटी वस्ती उभारून तिथे त्यांना सुतारकाम शिकवले गेले. जंतू मेला तरी माणूस घराबाहेरच राहतो, हे या संस्थांना इतरांआधी कळले, कारण जंतू मारता येत नव्हता तेव्हापासून त्या माणसाशीच व्यवहार करत होत्या. 1981 नंतर बहुविध औषधोपचार आला, 2005 च्या अखेरीस देशाने दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण असल्याचे जाहीर केले, तरी दरवर्षी लाखाच्या घरात नवे रुग्ण सापडत राहिले. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण आपल्या विवाहकायद्यांतून 2019 मध्ये निघाले. गोळ्यांचे पाकीट आज आरोग्य केंद्रात फुकट मिळते, आणि सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा ठरलेला डोस पुरा झाला की सरकारी नोंदीत माणूस बरा होतो. त्याच्या घरी जाऊन सासूशी, भावाशी, पंगतीत बसणाऱ्या शेजाऱ्यांशी बोलणे हे ज्याचे नेमून दिलेले काम आहे, असा माणूस त्या नोंदीत कुठे नाही. जुन्या आश्रमात, सगळ्या दोषांसह, तो होता.